इर्शाळवाडी यादीत नव्हती

३० जुलै २०१४ ची सकाळ. पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात फेरीवर असलेल्या एसटीच्या चालकाला माळीण गाव असायला हवे तिथे नुसता चिखलाचा ढिगारा दिसला. गाव गाडले गेल्याची बातमी बाहेरच्या जगाला समजली ती अशी. त्या दरडीने १५१ जणांचा बळी घेतला. सात वर्षांनी, २२ जुलै २०२१ रोजी, रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर कोसळला. मृतांचा आकडा ऐंशीच्या वर गेला. महाड परिसर त्या वेळी महापुराखाली होता, त्यामुळे मदत वेळेवर पोहोचू शकली नाही. त्यानंतर दोन वर्षांनी, १९ जुलै २०२३ च्या रात्री, खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीत वसलेली इर्शाळवाडी गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले. उरलेल्या ५७ जणांना बेपत्ता ठरवून शोधकार्य थांबवावे लागले. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. बचाव पथके भर पावसात, अंधारात डोंगर चढून गेली. माती उपसणारी यंत्रे वर नेताच आली नाहीत. चढतानाच एका अग्निशमन अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला.

या घटनेनंतर एक गोष्ट समोर आली. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत इर्शाळवाडीचे नावच नव्हते. विधिमंडळातही तसे सांगण्यात आले.

यात कोणाचा निष्काळजीपणा होता का, हा वेगळा प्रश्न आहे. मात्र यादी कशी तयार होते हे समजून घेतले, तर एखादी वाडी त्यातून का निसटते हे लक्षात येते. उतार किती, खडक कोणता, मातीचा थर केवढा, पाऊस किती आणि याआधी दरड कोसळली होती का, हे पाहून भूवैज्ञानिक नकाशा तयार करतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने अशा प्रकारे देशभरातल्या डोंगराळ भागांचे नकाशे तयार केले आहेत. ते फार उपयोगाचे आहेत. पण एवढ्या मोठ्या प्रदेशाचा नकाशा काढताना तीस-चाळीस घरांची एक वाडी म्हणजे कागदावरचा जेमतेम एक ठिपका. तिच्या वरच्या बाजूला गेल्या पावसाळ्यात जमिनीला भेग पडली होती का, हे त्या नकाशावर दिसत नाही. ते दिसते गुरे घेऊन रोज तिथून जाणाऱ्या माणसाला.

या माणसाला जे दिसते ते कुठे नोंदवायचे, कोणाला सांगायचे आणि त्यावरून काय ठरवायचे? या प्रश्नांतून एक पद्धत तयार झाली आहे. गावाने स्वतःच आपली जोखीम आणि क्षमता मोजायची, अशी ती पद्धत. जगभरातल्या रेड क्रॉस संस्था आणि अनेक स्वयंसेवी संघटना गेली काही दशके ती वापरत आहेत. ऐकायला हे काम सरकारी प्रपत्र भरण्यासारखे वाटते. प्रत्यक्षात ते बरेचसे रांगोळी, चिंचोके आणि शिवारफेरी यांच्यावर चालते.

धोका आणि आपत्ती

या पद्धतीच्या मुळाशी एक साधी मांडणी आहे. भूकंप, पूर, वीज, दरड हे धोके आहेत. धोका म्हणजे आपत्ती नव्हे. ओसाड माळावर वीज पडली तर ती निसर्गातली एक घटना असते. तीच वीज झाडाखाली आडोशाला थांबलेल्या मजुरांवर पडली की आपत्ती होते. धोक्याच्या वाटेवर कोण आणि काय आहे, ते किती कमकुवत आहे आणि सावरायला हाताशी काय आहे, या सगळ्याचा हिशेब म्हणजे जोखीम. धोका आणि असुरक्षितता वाढली की जोखीम वाढते, क्षमता वाढली की ती कमी होते.

हा हिशेब महाराष्ट्राने सर्वांत कठोरपणे अनुभवला तो किल्लारीत. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याला सुमारे ६.२ तीव्रतेच्या भूकंपाने हादरवले. भूकंपाच्या मापात ही तीव्रता मध्यमाच्या थोडी वर जाते. तरीही बळींची संख्या आठ ते दहा हजारांच्या घरात गेली. त्या काळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, त्यामुळे भूकंपाला तोंड देईल असे बांधकाम करण्याचा विचार कोणी केला नव्हता. घरे दगड-मातीच्या जाड भिंतींची होती आणि वर मातीचे जड माळवद होते. उन्हाळ्यात हेच घर थंडावा देत असे. जमीन हलली तेव्हा मात्र मातीने जोडलेले दगड सुटले आणि माळवद झोपलेल्या माणसांवर आले. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून दमलेली गावे गाढ झोपेत होती. म्हणजे धोका जमिनीखाली होता, असुरक्षितता भिंतींत आणि छतात होती, आणि वेळही वाईट होती.

हिशेबाची दुसरी बाजूही किल्लारीनेच दाखवली. पुनर्वसनाच्या कामात हजाराहून अधिक गावांतल्या महिलांना ‘संवाद सहायक’ म्हणून सामील करून घेण्यात आले. भिंतीत दगड कसा बांधायचा, आडवे पट्टे कुठे द्यायचे, छताचे वजन कसे कमी करायचे, हे त्यांनी समजून घेतले आणि घरोघरी जाऊन समजावले. पुढे २००१ मध्ये भुजचा भूकंप झाला, तेव्हा लातूरकडच्या महिला गुजरातेत जाऊन तिथल्या महिलांना आपला अनुभव सांगून आल्या. आपत्ती सोसलेल्या गावाकडे ज्ञानही जमा होते आणि ज्ञान ही क्षमताच आहे. मदत मागणाऱ्यांच्या यादीत मात्र तिची मोजणी होत नाही.

रांगोळीचा नकाशा

मूल्यांकन प्रत्यक्षात कसे होते ते पाहण्यासाठी सह्याद्रीच्या पायथ्याचे एखादे गाव डोळ्यांपुढे आणू. खाली नदीकाठी मूळ गाव, मध्ये शाळा आणि ग्रामपंचायत, वरच्या अंगाला एक धनगरवाडा, एक ठाकरवाडी आणि गावाबाहेर ओढ्याकाठी कातकऱ्यांची पंधरा घरे.

सुरुवात होते देवळापुढच्या किंवा शाळेच्या अंगणात. जमिनीवर रांगोळीने नदी, रस्ता, डोंगर काढतात. मग घरे मांडली जातात. कागदाऐवजी जमीन वापरण्यामागे कारण आहे. कागदावर लेखणी एकाच्याच हातात राहते, रांगोळी कोणीही पुसून दुरुस्त करू शकतो. एक बाई पुढे येते आणि ओढा इकडून नव्हे, तिकडून येतो म्हणून रेघ बदलते. विहिरी, हातपंप, विजेचे खांब, उंचावरच्या जागा, पुराचे पाणी याआधी कुठवर आले होते ती रेषा, हे सगळे वेगवेगळ्या रंगांनी दाखवतात. शेवटी त्याचा फोटो काढून नकाशा कागदावर उतरवतात.

मग येतो इतिहास. यासाठी गावातली सर्वांत वयस्कर माणसे लागतात. बहात्तरचा दुष्काळ, २००५ चा पूर, २०१९ आणि २०२१ चा पाऊस, कधी वणवा, कधी गुरांची साथ. प्रत्येक वेळी काय गेले, कोणी मदत केली आणि सावरायला किती वर्षे लागली, हे विचारतात. आजोबांच्या आठवणीत कुठल्याही दप्तरात नसलेली माहिती असते. ‘त्या आंब्याच्या खाली पूर्वी चार घरं होती, डोंगर उतरला तेव्हापासून तिथं कोणी बांधत नाही,’ असे एखादे वाक्य भूवैज्ञानिकाला महिनाभराचे काम वाचवून देते. आणि त्याच जागी आता नवे घर उभे राहिले असेल, तर तीही नोंद होते.

तिसरी पायरी शिवारफेरीची. पाणलोटाच्या कामामुळे हा शब्द महाराष्ट्रातल्या गावांना ओळखीचा आहे. गावाच्या सर्वांत उंच टोकापासून नदीपर्यंत सरळ चालत यायचे, वाटेत दिसेल ते लिहायचे. दरडीच्या दृष्टीने पाहण्यासारखे बरेच असते. उतारावर जमिनीला पडलेल्या भेगा, एका बाजूला कललेली झाडे आणि खांब, घराच्या भिंतीला नव्याने गेलेले तडे, चौकटीत अडकू लागलेली दारे, पूर्वी नव्हता तिथे फुटलेला झरा, एकाएकी गढूळ झालेले किंवा आटलेले ओढ्याचे पाणी. रस्त्यासाठी किंवा घरासाठी डोंगराचा पाय कुठे कापला आहे, तेही पाहायचे.

या खुणांमागे साधे विज्ञान आहे. सह्याद्रीत काळ्या कातळावर झिजलेल्या खडकाचा आणि मातीचा थर असतो. मातीच्या कणांमधल्या पोकळीत पाणी भरत जाते तसे कण एकमेकांना धरून ठेवू शकत नाहीत, त्यात थराचे वजनही वाढते. कातळ पाणी सहज आत घेत नाही, त्यामुळे ते थराच्या तळाशी साचते. एका क्षणी उताराची ओढ मातीच्या पकडीपेक्षा भारी ठरते. म्हणूनच एका दिवसाच्या पावसापेक्षा लागोपाठ काही दिवसांचा एकूण पाऊस अधिक घातक ठरतो. इर्शाळवाडीवर दरड कोसळण्यापूर्वीच्या तीन दिवसांत त्या भागात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला होता.

आषाढात काय होते?

मूल्यांकनातली आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी पायरी म्हणजे वर्षाचे पत्रक. जमिनीवर बारा चौकटी आखतात आणि चैत्रापासून फाल्गुनापर्यंत काय काय घडते ते मांडतात. पाऊस कधी, पिण्याच्या पाण्याची टंचाई कधी, वणवा कधी, मजुरी कधी मिळते, ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर किती कुटुंबे जातात, उधारी कधी वाढते, जुलाब, ताप, सर्पदंश कोणत्या महिन्यांत जास्त होतात.

वेगवेगळ्या रेघा एकाखाली एक आल्या की चित्र स्पष्ट होते. आषाढ-श्रावणात पाऊस सर्वाधिक असतो. तेव्हाच घरातले धान्य संपत आलेले असते, हातात पैसा नसतो, लावणीच्या कामाने शरीर थकलेले असते, साप बिळांतून बाहेर आलेले असतात, विहिरीचे पाणी गढूळ झालेले असते आणि ओढ्यावरचा साकव पाण्याखाली गेलेला असतो. म्हणजे दवाखान्याची गरज सर्वांत जास्त असते त्याच महिन्यांत दवाखाना सर्वांत दूर जातो. मराठवाड्या-विदर्भातल्या गावात हेच पत्रक वेगळे दिसेल. तिथे वैशाख-ज्येष्ठातल्या वळिवाच्या विजा, उष्माघात आणि टँकरची वाट पाहणाऱ्या रांगा ठळक होतील.

या पत्रकातून थेट कामे निघतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशावरची लस मृगाच्या आधी आली आहे का? आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालते, पण ती केंद्रात असावी लागते आणि रुग्ण तिथवर पोहोचावा लागतो. साकव बुडाल्यावर पर्यायी वाट कोणती? पावसाळ्यात जिची प्रसूतीची तारीख आहे, तिला आधीच कोणाकडे हलवायचे? विहिरीत टाकायची टीसीएल पावडर किती शिल्लक आहे? ती दमट जागी उघडी पडून राहिली तर तिच्यातला क्लोरीन उडून जातो आणि मग ती टाकूनही उपयोग होत नाही. पुराच्या पाण्यात उतरलेल्यांना लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. उंदीर-घुशींच्या आणि गुरांच्या मूत्रातून येणारे हे जिवाणू पायावरच्या जखमेतून शरीरात शिरतात. चिखलात काम केल्यानंतर ताप आला तर अंगावर काढायचा नाही, आणि प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्यायच्या, हे पूर येण्याआधी गावाला माहीत असायला हवे.

आशा कार्यकर्तीची वही इथे कामी येते. गरोदर स्त्रिया, तान्ही बाळे, अंथरुणाला खिळलेली माणसे, न दिसणारे, न ऐकू येणारे, रोज इन्सुलिन घेणारे, आठवड्याला डायलिसिसला जाणारे, मिरगीच्या गोळ्यांवर असलेले, यांची बरीचशी माहिती तिच्याकडे असते. त्या माहितीतून एक लहान यादी करायची. प्रत्येक नावापुढे उचलून नेणाऱ्या दोन माणसांची नावे लिहायची आणि सोबत न्यायच्या औषधांची नोंद करायची. रात्री अडीचला पाणी शिरले, तर शोधाशोध करायला वेळ नसतो.

चिंचोके कोणाच्या हातात?

एवढी माहिती जमल्यावर प्रश्न येतो, आधी काय करायचे? यासाठी धोक्यांची चित्रे जमिनीवर ठेवतात आणि प्रत्येकाला दहा चिंचोके देतात. ज्याची भीती जास्त वाटते त्यापुढे जास्त चिंचोके ठेवायचे. लिहिता-वाचता येण्याची गरज नाही, आणि सरपंचाच्या हातातले चिंचोकेही दहाच.

मात्र सगळ्यांना एकत्र बसवले तर खरे चित्र दिसेलच असे नाही. म्हणून पुरुष, महिला, तरुण मुले आणि वाड्या-वस्त्यांवरची माणसे यांच्या बैठका वेगळ्या घेतात आणि निकाल शेजारी-शेजारी ठेवतात. त्यात फरक पडतोच. शेतमालक पुराने पिकाचे काय होईल याचा विचार करतो, शेतमजूर बाई मजुरी बुडेल त्या पंधरा दिवसांचा विचार करते. ओढ्याकाठच्या कातकरी वस्तीला ज्या पाण्याची भीती वाटते, ते पाणी गावठाणात कधी पोहोचतच नाही. ग्रामसभा सकाळी अकराला ठेवली तर मोलमजुरी करणारे येत नाहीत, आणि मग न आलेल्यांचा धोका नोंदवलाच जात नाही.

हा भेद जीवावर बेततो. बांगलादेशात १९९१ च्या चक्रीवादळात सुमारे १ लाख ३८ हजार माणसे गेली. त्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा बरेच जास्त होते. लहान मुले आणि म्हातारी माणसे सांभाळत त्या घरी थांबल्या, पुरुष घरी नसताना बाहेर पडायचे की नाही हे ठरवू शकल्या नाहीत, गर्दीच्या निवाऱ्यात वेगळी सोय नसल्याने तिथे जायला धजावल्या नाहीत. इशारा मिळाला होता, निवाराही होता. पण तिथे जाण्याआधी स्त्रीला काय ओलांडावे लागते, हे कोणी विचारले नव्हते.

आपल्याकडेही दर पावसाळ्याच्या तोंडावर दरडीखालच्या वाड्यांना स्थलांतराच्या नोटिसा जातात आणि पुष्कळ जण हलत नाहीत. त्याला सरसकट अडाणीपणा म्हणणे सोपे आहे. शांतपणे विचारले तर कारणे कळतात. शाळेच्या दोन खोल्यांत ऐंशी माणसे कशी राहणार? शौचालयाला पाणी आहे का? गुरे कुठे बांधायची? लावणी अर्धवट सोडून किती दिवस बसायचे? घर उघडे टाकल्यावर सामानाचे काय? गुरांची सोय झाली तर माणसे लवकर हलतात. म्हणून गुरांसाठी उंचावरची जागा आणि चार दिवसांचा चारा हा माणसांच्या सुटकेच्या आराखड्याचाच भाग असतो.

बोट आहे की बोट चालते?

आता क्षमता मोजायची. यासाठी एक मजेशीर साधन आहे. कागदाची लहान-मोठी वर्तुळे कापतात. मधले वर्तुळ म्हणजे गाव. ग्रामपंचायत, तलाठी, आरोग्य केंद्र, बचत गट, तरुण मंडळ, पोलीस पाटील, सोसायटी, दूध डेअरी, वायरमन, जवळचे ट्रॅक्टरवाले या प्रत्येकासाठी एक वर्तुळ. जो महत्त्वाचा त्याचे वर्तुळ मोठे, जो अडीअडचणीला लगेच येतो तो मधल्या वर्तुळाला खेटून, जो येत नाही तो दूर. भारतात या आकृतीला गमतीने ‘चपाती आकृती’ म्हणतात. मोठी चपाती लांब आणि छोटी चपाती अगदी जवळ पडलेली दिसली की गावाला काही गोष्टी आपोआप कळतात.

कारण आपत्तीच्या पहिल्या काही तासांत गावाजवळ गावच असते. ढिगाऱ्याखालून जिवंत निघणाऱ्यांपैकी बहुतेकांना शेजारीपाजारीच काढतात. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान पोहोचतात तोवर पुष्कळदा जगण्या-मरण्याचा निकाल लागलेला असतो. त्यामुळे गावात पोहणारे किती, दोर कुठे आहे, पहार-कुदळी कोणाकडे आहेत, जनरेटर कोणाच्या लग्नाच्या मंडपासाठी येतो, ट्रॅक्टरची किल्ली कोणाकडे असते, प्रथमोपचार कोणाला येतो, हे सगळे लिहून ठेवायचे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘आपदा मित्र’ योजनेत प्रशिक्षण घेतलेले कोणी गावात किंवा शेजारच्या गावात असेल तर त्याचे नाव या यादीत सर्वांत वर.

मात्र साधन असणे आणि क्षमता असणे यांत अंतर आहे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळ इथे महापुरातून बाहेर पडणाऱ्या गावकऱ्यांची बोट उलटली आणि डझनाहून अधिक माणसे बुडाली. त्यांत स्त्रिया आणि मुलेही होती. ‘बोट आहे’ एवढी नोंद पुरत नाही. तिच्यात किती माणसे बसतात, इंजिन शेवटचे कधी सुरू केले होते, जीवरक्षक जाकिटे किती, चालवणारा कोण आणि आपल्या माणसांची गर्दी झाल्यावर ‘आता पुढच्या खेपेला’ असे सांगण्याचा अधिकार कोणाला दिला आहे, हे ठरलेले असेल तरच बोट ही क्षमता असते.

हीच गोष्ट इशाऱ्याची. कोल्हापुरात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ मध्ये ती ५५ फुटांच्या वर आणि २०२१ मध्ये ५६ फुटांच्या वर गेली. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी आहे. हे आकडे दूरदर्शनवर, मोबाइलवर सतत येतात. पण बंधाऱ्यावरचे ४३ फूट म्हणजे आपल्या गावात पाणी कुठे? मारुतीच्या पायरीशी, की शाळेच्या व्हरांड्यात? हे भाषांतर फक्त गावच करू शकते. मागच्या पुरांच्या आठवणी आणि त्या-त्या दिवसांचे आकडे एकत्र मांडून गावातल्या भिंतींवर खुणा रंगवल्या, तर बातमीतला आकडा ऐकताच खालच्या आळीला कळते की आता निघायला किती वेळ आहे.

पावसाचेही तसेच. सपाट तळाचे, सरळ भिंतींचे कुठलेही पारदर्शक भांडे आणि फूटपट्टी एवढ्यावर गाव आपला पाऊस मोजू शकते. भांडे उघड्यावर ठेवायचे, रोज सकाळी साडेआठला पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये लिहायची आणि भांडे रिकामे करायचे. हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ११५.६ मिलिमीटरपासून पुढे अति जोरदार पाऊस आणि २०४.५ मिलिमीटरपासून पुढे अत्यंत जोरदार पाऊस. डोंगराच्या दोन बाजूंना पाऊस वेगवेगळा पडतो. तालुक्याच्या ठिकाणचा आकडा वाडीवर लागू होईलच असे नाही. शाळेतली मुले हे काम आनंदाने करतात, आणि तीन दिवसांची बेरीज फुगू लागली की वाडीला स्वतःचा इशारा मिळतो. विजेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ अॅप आहे. ते गावातल्या चार-पाच जणांच्या फोनमध्ये असले आणि त्यांनी शिवारात हाक द्यायची ठरले, तरी पुरते.

तयारीने फरक पडतो

एवढ्या खटाटोपाने खरेच काही साधते का? ओडिशाचे उदाहरण बोलके आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१३ मध्ये ‘फायलिन’ हे तीव्र चक्रीवादळ त्याच किनाऱ्यावर आले तेव्हा बळींची संख्या पन्नासच्या आत राहिली. मधल्या काळात उपग्रह आणि अंदाज सुधारले, पक्के निवारे बांधले गेले. त्याबरोबरच गावोगावी समित्या तयार झाल्या, कोण कोणाला घेऊन कुठे जाणार हे ठरले, दरवर्षी सराव झाला. फायलिनच्या वेळी दहा लाखांच्या आसपास माणसे आधीच सुरक्षित ठिकाणी गेली होती. वादळाचा जोर कोणी कमी केला नव्हता, त्याच्या वाटेतली माणसे कमी केली होती.

आपल्याकडे कायद्याची चौकट आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीवर प्राधिकरणे आणली. जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. पंचायत राज मंत्रालयानेही २०२२ मध्ये आपला आपत्ती व्यवस्थापन आराखडा जाहीर करून गावपातळीवरच्या आराखड्यांवर भर दिला. धोका आहे तो अशा आराखड्यांच्या नक्कल-डकव होण्याचा. शेजारच्या गावाचा आराखडा नाव बदलून आपल्या कपाटात ठेवला की कागद पूर्ण होतो. त्यातला पोहणारा गडी मुंबईला गेलेला असतो, लिहिलेला मोबाइल नंबर बंद असतो.

मूल्यांकनाला मर्यादाही आहेत. एखादी वाडी धोक्यात आहे हे नुसते गावाला कळून भागत नाही. जागा सुरक्षित आहे की नाही याचा निवाडा भूवैज्ञानिकाने करायचा असतो, आणि नवी जागा, रस्ता, पाणी, रोजगार यांची जबाबदारी सरकारचीच असते. ‘आम्ही तुम्हाला तुमची जोखीम मोजायला शिकवले, आता तुमचे तुम्ही पाहा’ असा याचा अर्थ होऊ नये. गावाने मांडलेला नकाशा प्रशासनाच्या टेबलावर पोहोचला आणि भूवैज्ञानिक तो हातात घेऊन शिवारफेरीला आला, तरच दोन्ही ज्ञानांची गाठ पडते. इर्शाळवाडीसारखी नावे यादीत येण्याचा तोच मार्ग आहे.

आणि हे काम एकदा करून संपत नाही. दरवर्षी नवे घर बांधले जाते, नवा रस्ता डोंगर कापतो, कोणी म्हातारे होते, कोणी जन्माला येते. पावसाळ्यातच गणपतीला चाकरमानी आले की घरातली माणसे दुप्पट होतात आणि उचलून न्यायच्या माणसांचा हिशेब बदलतो.

कोकणात त्यासाठी सोयीचा काळ शिमग्याचा. गाव भरलेले असते, गावकी बसतेच. पावसाळ्याला अजून दोन-अडीच महिने असतात, गवत वाळल्याने उतारावरच्या भेगा दिसू लागतात आणि त्या पाहायला तरुण पाय गावात हजर असतात. पालखी वाडीवाडीवर, घरोघरी जाते. तिच्याबरोबर वही घेऊन एक जण निघाला, तर यादीतून एकही घर सुटणार नाही.